शार्कला पाय फुटलेले नाहीत, फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच व्हिडिओ आलाय, ओल्या खडकावरून सरपटत जाणारा ठिपक्याठिपक्यांचा मासा आणि खाली मजकूर, "समुद्र तापला म्हणून शार्कला पाय फुटले, आता तो जमिनीवर राहायला येतोय, बीचवर पोरांना सांभाळा." मजकूर साफ चुकीचा आहे.

पाय नाहीत ते, छातीचे आणि पोटाचे पर आहेत. व्हिडिओ थांबवून कल्ल्यांच्या मागे बघा, पांढरी कडा असलेला मोठा काळा डाग दिसेल. हा एपॉलेट शार्क, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या दक्षिणेकडचा, आणि याची शास्त्रीय नोंद 1788 सालचीच आहे, म्हणजे आत्ता उगवलेलं काही नाही.

जमिनीवर राहायला येतोय म्हणे! अहो, तो घर सोडत नाहीये, घरातच फिरतोय. ग्रेट बॅरियर रीफवर ओहोटीला प्रवाळांमधल्या खळग्यांत घोटाभर पाणी अडकतं, रात्री ऊन नाही म्हणून शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही पण श्वास सगळेच घेतात, मग त्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. अशा वेळी हा खेकडे, किडे हुडकत परांवर रेटा देत एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. याचा मेंदू आपलं काम कमी करतो, ठोके आणि रक्तदाब उतरतात, प्रयोगात तर ऑक्सिजन जवळजवळ नसताना हा तासभर तगलाय. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही.

एका मित्राचं म्हणणं, शार्क थांबला की मरतो, म्हणजे हा तडफडतोय. तेही नाही. तळाशी राहणारे शार्क तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतात, निवांत पडून राहतात. आपल्या अरबी समुद्रातली बांबू शार्क याच कुळातली, तीही तशीच.

पोरांना धोका? जेमतेम मीटरभर लांबीचा मासा, हातात धरलात तर चावेल, एवढंच.

आता तापलेल्या समुद्राचं. उष्णतेने याला पाय दिले नाहीत, उलट याची पिल्लंच धोक्यात आणलीत. मादी एका वेळी दोन अंडी घालते, पिल्लू बाहेर यायला साधारण चार महिने. 31 अंश पाण्यात ठेवलेल्या अंड्यांमधली पिल्लं लवकर बाहेर आली, पण लहानखुरी, दमलेली, आणि सुरुवातीचे दिवस पुरायला हवा तो बलक आतच संपवून आलेली.