खुलासा : फोरहँड मारताना मनगट ‘फिरवायचं’ नसतं

टेनिस खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : फोरहँड (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) सारखा बाहेर जात असेल तर चेंडू लागताक्षणी मनगट झटकून रॅकेट चेंडूवरून फिरवा, टॉपस्पिन (चेंडूला लवकर खाली आणणारी पुढच्या दिशेची फिरकी) मिळेल. हा सल्ला चुकीचा आहे.

चेंडू तारांवर जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद टेकतो. पाहून हात हलवायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. ‘आता फिरवतो’ म्हणेपर्यंत चेंडू काही मीटर पुढे निघून गेलेला असतो! टॉपस्पिन येतो रॅकेट खालून वर गेल्यामुळे. चेंडू लागताना रॅकेटचं तोंड जवळपास उभंच असतं. ते अंदाजाने खाली झुकवायला गेलात की एक चेंडू जाळ्यात, दुसरा थेट कुंपणावर.

मग टेनिसपटू राफेल नदालच्या फोटोंत मनगट वळलेलं कसं दिसतं? बरेचसे फोटो फटका मारून झाल्यानंतरचे असतात. स्लो मोशन व्हिडिओ नेमका चेंडू लागतानाच थांबवून पाहा, मनगट मागे झुकलेलंच दिसेल. याचा अर्थ ते ताठ धरायचं असा मात्र नाही. पकड सैल असली की ते हातामागून आपोआप येतं.

सातत्य हवं असेल तर चेंडू शरीराच्या पुढ्यात घ्या आणि जरा उंच मारा. जाळं मध्यभागी ९१ सेंटीमीटर, खांबांपाशी १०७. त्याला घासून चेंडू काढायचा हट्ट कशाला? आमच्यापैकी निम्म्यांचे चेंडू तिथेच अडकतात.