दंडुक्याचीच भाषा?

"आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते." साथीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी फेकतंच, आणि सोबत तीन दाखले: इंग्रज प्लेग अधिकारी रँडने सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, घातले म्हणून पुण्यातला प्लेग आवरला, झोपडपट्टीत नियम कळत नाहीत, आणि कोरोनात दंड लावला म्हणून मुंबईने मास्क घातले.

रँडचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता वाचलेला नसतो. मार्च १८९७ पासून सोजीर घराघरांत शिरले; देवघर पाहिलं नाही, माजघर पाहिलं नाही. मग लोकांनी काय केलं? रोगी लपवले. जांघेत गाठ आली तरी शेजाऱ्याला कळू द्यायची नाही, कारण कळलं की माणूस उचलून नेणार आणि सामान जाळणार. साथीत सरकारला सगळ्यात आधी हवी असते ती खबर, आणि तीच आटली. मे महिन्यात साथ ओसरली खरी, पण उन्हाळ्यात प्लेग ओसरायचाच. पावसाळ्यानंतर तो पुण्यात परतला. 'तोवर रँड मारला गेला होता ना, म्हणून!' असं कुणी म्हणेल. मुंबईतही तो सालोसाल परतत होता, तिथे कुठे रँड मारला गेला होता? आणि याच पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल निघालं, तिथे लोक गेले. म्हणजे राग दवाखान्यावर नव्हता, फरफटत नेण्यावर होता.

आता धारावी. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर, लाखो माणसं. कोरोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० चा. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण आणि संडास गल्लीच्या टोकाला, तिथे 'घरात बसा' हा नियम समजूनही पाळता येत नाही. पालिकेने सार्वजनिक संडास वारंवार धुतले, वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना तपासणीत घेतलं, शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरणाची सोय केली, तिथे जेवण दिलं. ओळखीचा डॉक्टर 'चल, तपासून घे' म्हणाला की माणूस जातो. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला दोन वेळचं मिळालं की तो थांबतोही. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आवरल्याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं.

राहिला मास्कचा दोनशे रुपये दंड. त्याने काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याची करामत आपण सगळ्यांनी पाहिली आहे: पोलीस दिसला की हनुवटीवरचा मास्क नाकावर, चौक ओलांडला की पुन्हा खाली.