बडोद्यातल्या मांजलपूरच्या ताईंच्या एक-स्टार रिव्ह्यूला प्रोजेक्टर भाड्याने देणाऱ्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा अर्ध्यात राहिला आणि सगळ्यांसमोर तुम्हाला ओशाळं व्हावं लागलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. सणाच्या दिवशी असं व्हायला नको होतं.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय, "2,200 रुपये घेऊन अर्धाच सिनेमा दाखवला. यांच्या उशिरामुळे भाड्याने घेतलेला सिनेमा एक्स्पायर झाला. 48 तासांचं कोणी सांगितलंच नाही. वर माणूस उर्मट. घेऊ नका." हे आमच्या दुकानाच्या नावाखाली कायमचं राहणार आणि नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचणार. म्हणून मलाही थोडं लांब लिहावं लागतंय, राग मानू नका.

पैशांचं आधी सांगतो, ते लगेच संपतं. 2,200 मध्ये प्रोजेक्टर, पडदा, दोन स्पीकर, वायरिंग आणि शेवटपर्यंत थांबणारा आमचा एक माणूस एवढं होतं. सिनेमाचं भाडं त्यात नव्हतं. ते तुमच्या चिरंजीवांनी पुण्याहून त्यांच्या अकाउंटवरून भरलं आणि ते थेट अॅपवाल्या कंपनीला गेलं. त्यातला एक रुपयाही दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात येत नाही. आम्ही सिनेमे विकत नाही, भाड्यानेही देत नाही. घरात वर्षाची मेंबरशिप असताना त्याच अॅपवर एका सिनेमाचे पुन्हा वेगळे पैसे का, हा तुमचा राग मला पटतो. पण तो आमच्या खात्यावर का जमा केलात?

खरं लागलं ते उशिराचं.

ताई, आमची माणसं साडेपाचला तुमच्या गच्चीवर होती. साडेसहाला पडदा ताणलेला होता, स्पीकर तपासून झाले होते. शो सातचा ठरला होता. अॅपवरचा सिनेमा पडद्यावर दाखवणारी आमची स्टिक आम्ही प्रोजेक्टरला लावून ठेवली होती, फक्त लॉगिन बाकी होतं. तेव्हा तुमचे भाचे म्हणाले, "स्टिकची काय गरज, मी फोनवरून डायरेक्ट टाकतो." आमच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने सांगितलं की भाड्याचा सिनेमा असा चालणार नाही. त्यावर त्याला काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

फोनचं चित्र जसंच्या तसं पडद्यावर पाठवलं की अशा अॅपमध्ये आवाज ऐकू येतो आणि चित्र काळं राहतं. सिनेमाची कॉपी होऊ नये म्हणून अॅपनेच घातलेलं ते कुलूप आहे. नंतर भाच्यांनी लॅपटॉप आणला आणि व्हीजीएचा जुना कन्व्हर्टरही आणला. पुन्हा काळं. कारण लॅपटॉपपासून पडद्यापर्यंत वाटेत जे जे यंत्र लागतं, त्या प्रत्येकाला एकमेकांची ओळख पटावी लागते. या पद्धतीला एचडीसीपी म्हणतात, ती इंटेल कंपनीने काढलेली आहे. जुन्या व्हीजीए वायरीतून ही ओळख जातच नाही. मग सिनेमा दिसायला नकार देतो. "प्रोजेक्टर बोगस आहे" असं खाली तुमच्या एका शेजाऱ्यांनी लिहिलंय, ते या काळ्या पडद्यावरून. त्याच प्रोजेक्टरवर नंतर स्टिकवरून सिनेमा स्वच्छ लागला, हे त्यांनीही पाहिलंय. चित्र थोडं फिकट वाटलं असेल तर कोजागिरीचा चंद्र वर आलेला होता, त्याला मी काय करणार.

शेवटी स्टिकवर लॉगिन करायची वेळ आली. अकाउंट चिरंजीवांचं, त्यामुळे ओटीपी पुण्याला त्यांच्या फोनवर. ते गाडी चालवत होते. त्यांनी गाडी बाजूला घेऊन फोन उचलेपर्यंत आणि पहिला ओटीपी शिळा होऊन दुसरा येईपर्यंत वीस मिनिटं गेली. सिनेमा सात चाळीसला सुरू झाला. ही चाळीस मिनिटं आमच्या नावावर लिहिलीत, त्याचं वाईट वाटतं.

आणि समजा, सातलाच लावला असता. दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा आणि मध्ये मसाला दूध, दूधपौंव्यांसाठी थांबायचं तुमचं आधीच ठरलेलं होतं. म्हणजे साडेनऊच्या पुढेच गेला असता. मुदत नऊ पंचवीसला संपत होती.

नऊ पंचवीस कुठून आलं, तेही सांगतो. यूट्यूब असो, अॅपल असो, प्राइम व्हिडिओ असो, भाड्याच्या सिनेमाचा हिशेब साधारण एकच आहे. पैसे भरल्यापासून 30 दिवसांत सिनेमा सुरू करायचा आणि एकदा प्ले दाबलं की 48 तासांत संपवायचा. प्राइम व्हिडिओने 2022 च्या एप्रिलमध्ये भारतात भाड्याचे सिनेमे सुरू केले, तेव्हाही हेच होतं. पॉज केलं म्हणून घड्याळ थांबत नाही. झोपलात, ऑफिसला गेलात, तरी ते चालूच. तुम्ही म्हणता, आम्ही तर आधी पाहिलाच नव्हता. पण रविवारी, कार्यक्रमाच्या दिवशी, लॉगिन झाल्यावर सिनेमाच्या फोटोखाली बारीक रेष होती आणि बटणावर "रिझ्यूम" लिहिलेलं होतं. ज्याने तो सिनेमा आधी कधीच सुरू केला नाही त्याला तिथे रिझ्यूम दिसत नाही. मी त्या वेळी काही बोललो नाही, पाहुणे बसले होते. नंतर दुधाचा ब्रेक झाला, परत लावायला गेलो तर मुदत संपल्याचा मेसेज. तेव्हा चिरंजीवांनीच फोनवर सांगितलं की शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर "चालतोय ना" म्हणून दोन मिनिटं लावून पाहिला होता. त्या दोन मिनिटांतच 48 तासांची सुरुवात झाली. काळजीपोटीच केलं त्यांनी, मी त्यांना दोष देत नाही. पण मग आम्हाला तरी कशाला?

48 तासांचं कोणी सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिता. बुकिंगच्या वेळी तुम्ही फोनवर "सिनेमा आमचा आम्ही बघू" म्हणालात, म्हणून तिथे आम्ही पुढे काही विचारलं नाही. भाडं भरताना ही मुदत स्क्रीनवर येते. ती कोणी वाचत नाही हे मला ठाऊक आहे, मीही वाचत नाही.

आणखी एक. बुकिंगला "घरगुती कार्यक्रम, पंधरा-वीस माणसं" सांगितलं होतंत. खुर्च्या साठ होत्या. भाड्याचा सिनेमा अॅपच्या अटींप्रमाणे घरच्या, खासगी पाहण्यासाठीच असतो. मी तो मुद्दा त्या दिवशी काढला नाही, सणाचा दिवस होता. आता रिव्ह्यूत नियमांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिलं.

उर्मटपणाबद्दल. आमचा मुलगा कामाला चोख आहे, बोलायला जरा तुटक. मूळचा बडोद्याजवळच्या पादरा गावाकडचा, मराठी बोलताना अडखळतो, म्हणून शब्द कमी वापरतो. त्याला समज दिली आहे. पण मेसेज आल्यावर मी स्वतः तुम्हाला म्हणालो होतो की पुन्हा भाडं भरूया, 149 रुपये मी देतो, पाच मिनिटांत पुढचा भाग लागेल. तुम्ही म्हणालात, "पैशांचा प्रश्न नाहीये." मग प्रश्न कशाचा होता, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर यूट्यूबवर जुनी भावगीतं लावली आणि साडेअकरापर्यंत आजी-आजोबा मंडळी हलली नाहीत. वेळ दहापर्यंतचा ठरला होता, वरच्या दीड तासाचे पैसे घेतले नाहीत. हे रिव्ह्यूत कुठे आहे?

नियम मलाही आवडत नाही, ताई. माझ्या वडिलांची रावपुऱ्यात व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेट 24 तासांची. पण कोणाची सासू आजारी पडली, कोणाकडे लाइट गेली, तर बाबा वहीत खाडाखोड करून एक दिवस सोडून द्यायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहून गयावया करू शकत होतं. या अॅपसमोर कोण उभं राहणार? मला वाटतं, ज्या घरात आजीला नऊला झोप लागते आणि नातवाला शनिवारी क्लास असतो, त्या घराला 48 तास कमीच आहेत. कंपनीला हे लिहायचं तर अॅपमधल्या मदतीच्या पानावर जरूर लिहा, मीही लिहीन.

आम्हा केबलवाल्यांचं काय झालं ते बडोद्यात सगळ्यांना माहीत आहे. 2013 च्या मार्चअखेर इथे सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, 2019 च्या फेब्रुवारीत चॅनेल निवडून पैसे भरायची पद्धत आली आणि मग लोक मोबाइलवर गेले. कनेक्शनं गळत गेली, म्हणून प्रोजेक्टरचं काम धरलं. तुमचा रिव्ह्यू वाचून तुळशीच्या लग्नासाठी ठरलेल्या एका घराने बुकिंग रद्द केलं. लग्नसराई तोंडावर आहे. हे दडपण आणायला सांगत नाही, पण मनात राहिलं होतं.

यापुढे बुकिंगच्या मेसेजमध्ये तासांचं, ओटीपीचं वगैरे लिहिण्याचा विचार आहे. मुलांनाही बोलण्याबद्दल सांगितलंय. बाकी सुधारणा चालूच आहेत. रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही, फक्त उशिराची ती ओळ जमलं तर दुरुस्त करा.

आणि हो, तुमच्याकडचा पांढरा एक्स्टेंशन बोर्ड आमच्या वायरींबरोबर दुकानात आलाय. कोणाला तरी पाठवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.