उकिरड्याचे पांग फेडायचेत? आधी अर्ज भरा

कुजणाऱ्या कचऱ्याचं काहीतरी उपयोगी करावं, असं तुमच्या मनात आलंय? अभिनंदन. आता ते मनातच ठेवा. किंवा नको, मनातही ठेवू नका. युरोपीय संघाच्या 2008च्या निर्देशानुसार कचरा म्हणजे मालक जे टाकून देतो, टाकायचं मनात आणतो किंवा जे टाकणं त्याला भाग असतं ते. म्हणजे फळाची साल हातात असते तोवर साल. ‘टाकावी का?’ हा विचार डोक्यात चमकला की तिचा कचरा झाला, आणि मग ती न्यायला, साठवायला, कुजवायला कागदपत्रं आली. तेव्हा टोपलीकडे बघताना चेहरा निर्विकार ठेवायला शिका.

तरीही हौस असेल तर अळ्या पाळा. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी उष्टं, शेण, सडकी फळं असलं सगळं फस्त करते आणि स्वतः प्रथिनांनी टम्म फुगते. निसर्गाने तिला याच कामावर नेमलंय. पण युरोपच्या कायद्यात ही अळी म्हणजे पाळीव पशू, थेट गाईगुरांच्या पंगतीतली! म्हणून तिला उष्टं वर्ज्य आणि शेण तर त्याहून वर्ज्य. तुम्ही तिला स्वच्छ कोंडा घाला, भाजीपाला घाला. ज्या कचऱ्यासाठी तिला आणली तो दारात पडून राहील; त्याची काळजी करू नका, तो कुठे जात नाही. तिची भुकटी माशांच्या खाद्यात घालायला 2017 साली मुभा मिळाली, कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात 2021 साली. त्याआधी अंगणात माती उकरणाऱ्या कोंबड्या नेमकं काय टिपत होत्या, हे कृपया कुठे बोलू नका.

कायद्याची भीती उगाच नाही, हेही कबूल करायला हवं. 2001 साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची साथ पसरली आणि 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. नीट न शिजवलेलं उष्टं डुकरांना घातल्यामुळे ती सुरू झाली, असं मानतात. शिजवण्याचा नियम तेव्हाही होताच. तो मोडला गेला, म्हणून शिजवून घालणाऱ्यांवरही बंदी आली. त्याच वर्षी जपानमध्ये अन्नकचरा पुन्हा वापरण्याचा कायदा लागू झाला आणि तिथे उष्टं तापवून डुकरांना घालतात. उष्टं तेच, डुक्कर तेच. तुमचं डुक्कर कुठे जन्माला येतं, तेवढं आधी बघून घ्या.

गॅस किंवा खत करणार असाल तर फूटपट्टी आणि तापमापक जवळ असू द्या. प्राणिजन्य कचऱ्यासाठी युरोपातला नेहमीचा पाठ असा: तुकडे जास्तीत जास्त 12 मिलिमीटरचे, तापमान 70 अंश, वेळ सलग 1 तास. एवढं करूनही हाती आलं ते खत की प्रक्रिया केलेला कचरा, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर नाक देत नाही, प्रमाणपत्र देतं.

एवढी दगदग झेपणार नसेल तर सरळ खड्ड्यात पुरायला पाठवा. मिथेन निघेल, पण ‘हे पुरणं उपयोगी आहे, सिद्ध करा’ असं तिथे तुम्हाला कुणी म्हणणार नाही.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. ती बारा वर्षं अर्ज दिल्यापासून मोजायची की अर्ज स्वीकारल्यापासून, तेवढं खिडकीवर विचारून घ्या.