तिसऱ्या मजल्यावरचे घर

पुण्यातल्या आमच्या इमारतीत, दुसरा मजला ओलांडला की जिन्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असते. तिचा एक पाय कठड्याला सुतळीने बांधलेला आहे, कारण जिना झाडताना ती एकदा खालपर्यंत गडगडत गेली होती. भाजी घेऊन वर येताना आई तिथे टेकायची, दम जिरवायची आणि मग उरलेल्या नऊ पायऱ्या चढायची. इमारत १९८२ सालची, तीन मजली, लिफ्ट नसलेली. दोन वर्षांपूर्वी बाबांचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर नेले आणि पुढचे पाच महिने ते खाली उतरलेच नाहीत. व्यायाम करून घेणारा घरी येत होता, रक्ताचे नमुने घ्यायला माणूस घरी येत होता, रुग्णसेवेच्या ब्युरोतून आलेल्या मावशी दिवसभर असत. डोळ्यांची तपासणी मात्र घरी होण्यासारखी नव्हती, म्हणून ती लांबत गेली आणि काचबिंदू उशिरा कळला. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा फोनवर मीही होते.

मी चौदा वर्षे सिंगापूरला राहते. घरी फोन केला, सुट्टीत गेले किंवा नातेवाइकांत बसले, की घराबद्दल दोनच वाद कानावर येतात. घर जिवंतपणी मुलांच्या नावावर करावे की मृत्युपत्रावर सोडावे, हा पहिला. आणि पुनर्विकासात बिल्डर किती टक्के जागा जास्त देणार, हा दुसरा. दोन्ही प्रश्न खोटे नाहीत, पण दोन्हींचा रोख त्या घरात आज राहणारी माणसे गेल्यानंतरच्या दिवसांकडे आहे. पंच्याहत्तरीच्या माणसाला त्या घरातून रोज बाहेर पडता येते का, रात्री न्हाणीघरात जाता येते का, हे विचारणारा माणूस मला त्या बैठकांत क्वचित भेटला आहे.

पहिल्या वादात निदान कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उभा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा सांगतो की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली गेली तर परत मिळवता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईने मुलाला करून दिलेले बक्षीसपत्र याच कलमाखाली रद्द ठरवले आणि घराचा ताबाही परत देण्याचा आदेश दिला. एवढे असूनही मला बोचते ते वेगळेच. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते, स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. तेच बाबांनी तिसऱ्या मजल्यावरचे घर विकून त्याच गल्लीत तळमजल्यावर लहान घर घ्यायचे म्हटले, तर पुण्यात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क पडते. घर देऊन टाकणे जवळजवळ फुकट आणि गुडघ्यांना झेपेल अशा घरात जाणे महाग, अशी ही मांडणी आहे. ती कोणी वाईट हेतूने केली असेल असे मला वाटत नाही, पण म्हातारपणी माणूस घर बदलेल ही कल्पनाच त्या आकड्यांमागे दिसत नाही.

सिंगापूरमध्ये मी पहिल्यांदा थांबून पाहिली ती लिफ्ट. तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. जुन्या इमारतींत लिफ्ट होती, पण ती ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. उरलेल्यांना एकदोन जिने चढावे किंवा उतरावे लागत. रहिवासी वयस्क होऊ लागले तसे २००१ पासून सरकारने ब्लॉकमागून ब्लॉक हाती घेऊन लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी व्यवस्था केली. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, थोडा रहिवाशांचा, आणि त्यासाठी ब्लॉकमधल्या ७५ टक्के पात्र घरांची संमती लागे. म्हणजे मतदान तिथेही होतेच. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टचा ठराव तीनदा पडला, कारण तळमजल्यावरच्या सभासदांना वर्गणी द्यायची नव्हती. माणसे तिथली चांगली आणि इथली वाईट असे नाही. तिथे सभेपुढे येणारा खर्च आधीच परवडेल इतका कमी केलेला असतो, इथे सगळा भार शेजाऱ्याने शेजाऱ्यावर टाकायचा असतो.

शेजारच्या ब्लॉकमधल्या एका आजींकडे मी अधूनमधून जाते. त्यांच्या न्हाणीघरात कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत, फरशीवर पाय घसरू नये म्हणून लेप दिलेला आहे आणि दारातल्या उंबऱ्यावर लहानसा उतार बसवला आहे. ज्येष्ठांच्या घरांतल्या या कामांसाठी २०१२ पासून योजना आहे आणि नागरिकांना खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातले उपचार मिळू लागले. ते मोठेच पाऊल आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. परंतु खुब्याचे हाड मोडल्यावरचा खर्च मिळण्याआधी ते मोडू नये म्हणून भिंतीत बसवायचा दांडा या योजनेच्या हिशेबात येत नाही.

पैशाचा प्रश्न याहून अवघड आहे. सिंगापूरची सरकारी घरे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. २००९ पासून वयस्क मालकाला त्या पट्ट्याचा शेवटचा भाग मंडळाला परत विकता येतो. सर्वांत तरुण मालक किमान ९५ वर्षांचा होईपर्यंतचा पट्टा हाताशी राहतो, आलेली रक्कम प्रामुख्याने निवृत्तीच्या खात्यात जाते आणि तिथून पुरेशी शिल्लक झाली की मरेपर्यंत दरमहा रक्कम मिळते. भारतात २००७ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली रिव्हर्स मॉर्गेज योजना याच गरजेसाठी होती. साठी ओलांडलेल्या मालकाने राहते घर तारण ठेवायचे, बँकेने दरमहा रक्कम द्यायची, नवराबायकोंपैकी मागे राहिलेले माणूस जाईपर्यंत कोणी घराबाहेर काढायचे नाही, आणि नंतर वारसांनी कर्ज फेडले तर घर त्यांचे. अटी माणुसकीच्या आहेत. पण मूळ योजनेत हप्ते जास्तीत जास्त २० वर्षे मिळतात, म्हणजे पासष्टीला सुरुवात केली तर पंच्याऐंशीनंतर, खर्च सर्वांत जास्त असताना, ते थांबतात. बाबांनी चौकशी केली तेव्हा बँकेतला अधिकारी सोसायटीच्या कागदांवर अडला. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, बिल्डरच्या सहीशिवाय ती सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा, म्हणजे मानीव अभिहस्तांतरणाचा, अर्ज पडून. त्यातून बाबांना स्वतःलाच 'घर गहाण टाकले' हे शब्द उच्चारवत नव्हते. आयुष्यभर हप्ते फेडून घर सोडवलेल्या माणसाला ते परत बँकेच्या हवाली करणे जड जाते, आणि या भावनेला अडाणीपणा म्हणणे मला मान्य नाही.

सिंगापूरचे सगळे उचलून इथे आणता येईल असेही मी म्हणत नाही. तिथली बहुतेक जमीन सरकारची आहे, नागरिकांच्या आणि कायम रहिवाशांच्या पगारातून सक्तीची बचत कापली जाते, आणि पट्टा संपला की घराची किंमत शून्य होते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या घरांचा निम्म्याहून अधिक पट्टा आज सरला आहे. प्रत्येक जुनी इमारत सरकार भरपाई देऊन पाडेल असे समजू नका, असा इशारा तिथल्या मंत्र्यांनी २०१७ मध्येच दिला होता. नातवंडांना काही ठेवता येणार नाही ही खंत त्या आजींच्याही बोलण्यात येते. आपल्याकडे सोसायटीची जमीन झिजत नाही, उलट तिचा भाव वाढतो, आणि म्हणूनच पुनर्विकासाची आशा सुटत नाही. मात्र पुनर्विकास म्हणजे तीनचार वर्षे भाड्याच्या घरात, ओळखीचे डॉक्टर आणि औषधाचे दुकान सोडून राहणे, आणि बिल्डर मध्येच अडकला तर त्याहून जास्त. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात ती वर्षे असतात का, याचा विचार वाढीव चौरस फुटांच्या तक्त्यात नसतो.

या सगळ्यात आम्हा दूर गेलेल्या मुलांचा वाटा आहे आणि तो मी टाळणार नाही. आईबाबा घराला हात लावत नव्हते ते आमच्यासाठी. दादा बंगळूरला, मी सिंगापूरला. आम्ही दोघांनीही ते घर मागितले नव्हते, पण नको असे स्पष्ट सांगितलेही नव्हते, आणि त्या मौनाचा अर्थ त्यांनी आपल्या परीने लावला होता. गेल्या दिवाळीत आम्ही दोघे समोर बसलो आणि बोललो. "हे घर तुमच्यावरच खर्च व्हायला हवे, बाबा. आमच्यासाठी यातले काही राखू नका." बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आईने मात्र लगेच विचारले, "तळमजल्यावर अंगण असेल का रे?"

जानेवारीत वरचे घर भाड्याने दिले आणि दोन इमारती सोडून तळमजल्यावरचे घर भाड्याने घेतले. न्हाणीघरात दांडे बसवायला घरमालकांनी परवानगी दिली. आता बाबा रोज सकाळी काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात आणि डोळ्यांच्या तपासणीची एकही तारीख चुकलेली नाही. करार अकरा महिन्यांचा आहे. तीन वर्षांचा करून द्या, अशी विनंती दादाने घरमालकांना केली आहे. मुलगा परत आला तर घर लागेल, असे ते म्हणतात, आणि अजून त्यांचे उत्तर आलेले नाही.