रानडुकरावर कुत्री सोडायला परवानगी आहे म्हणे? नाही, तो मेसेज चुकीचा आहे

भातकापणीच्या तोंडावर ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की रानडुकराला आता संरक्षण नाही, बंदूक वापरली तरच गुन्हा, कुत्री सोडून मारलं तर काही होत नाही. असं अजिबात नाहीये.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे, पाठलाग करणं, हाकून आणणं, फासे लावणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंसुद्धा त्यात येतं, म्हणजे कुत्री मागे लावली की ती शिकारच झाली, डुक्कर निसटलं तरी. आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची 2 मध्ये, म्हणजे कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे.

गोंधळ कुठून झाला असेल ते पण सांगतो. केंद्र सरकार एखाद्या भागापुरतं, ठराविक मुदतीसाठी प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं, म्हणजे तेवढ्यापुरतं त्याचं संरक्षण निघतं, 2016 ला उत्तराखंडच्या काही भागात रानडुकराबाबत तसं झालंही होतं. पण ते तिकडचं, त्या मुदतीपुरतं.

आपल्याकडे पिकाची नासाडी होत असेल तर वनविभागाकडे लेखी अर्ज करायचा, अधिकारी कारणासकट डुक्कर मारायची लेखी परवानगी देऊ शकतात, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामा लगेच करून घ्यायचा. एका रात्रीत अख्खं शेत उलथलेलं बघून काय वाटतं ते मला माहितीये, राग खराच आहे. पण कोंडीत सापडलेलं डुक्कर उलटतं आणि सुळ्याने आपल्याच कुत्र्याचं पोट फाडतं, ते मुकं जनावर आपल्या शब्दावर जातं हो.

तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.