ट्रेलर बास झाले, खेळ दाखवा!

शूटर म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या ट्रेलरमध्ये परत तेच! पावसात भिजलेला रस्ता, स्लो मोशनमध्ये उडणारी काडतुसं आणि शेवटी नुसतं नाव. अरे, खेळ कुठाय? रीलोड करताना हात कसा हलतो, आडोशाला दबा धरला की कॅमेरा कुठे जातो, गोळी लागल्यावर समोरचा कसा कोसळतो, शूटर घेणाऱ्याला हे बघायचं असतं. नेमकं तेच दाखवत नाहीत.

हे आजचं नाही. २००५ च्या ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात 'किलझोन २'च्या ट्रेलरने सगळ्यांना वेड लावलं. तो आधीच रेंडर केलेला, म्हणजे चालू गेममधला नव्हे तर वेगळं ॲनिमेशन करून ठेवलेला निघाला, गेम आला २००९ मध्ये. 'सायबरपंक २०७७'चा पहिला ट्रेलर २०१३ चा, गेम डिसेंबर २०२० चा. प्लेस्टेशन ४ वर तो इतका रखडत होता की सोनीने आठवड्याभरात आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून टाकला.

मीही एकदा ट्रेलर बघून चार हजार भरले. पहिल्याच मिशनमध्ये शत्रू भिंतीतून आरपार गोळ्या घालत होता, आणि पॅच, म्हणजे चुका दुरुस्त करणारा अपडेट, रात्री दोनपर्यंत डाउनलोड होत होता. घामाचे पैसे असतात हो ते! गेम तयार नसेल तर प्री-ऑर्डरचं, म्हणजे आगाऊ खरेदीचं, बटण लावूच नका.